पाणी सोडणाऱ्यांचा इतिहास कुणी लिहायचा?

आमच्या मामूंच्या घरी दाराआड एक लोखंडी चावी उभी असायची. कुलपाची चावी नव्हे. छातीइतका उंच गज, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी भोक. सुट्टीत गेलो की ती एका हाताने कोण उचलतो, हा आम्हा मुलांचा खेळ असे. मामू एका छोट्या नगरपालिकेत पाणी सोडायला होते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही गावाची असू शकते. कागदावर त्यांचा हुद्दा ‘व्हॉल्व्हमन’ होता, गावात ते ‘पाणीवाले मामू’ होते.

फजरच्या अजानआधी ते सायकलच्या दांड्याला चावी बांधून निघायचे. एकदा मीही त्यांच्या मागे कॅरियरवर बसून गेलो. एका चौकात त्यांनी लोखंडी झाकण उचललं, आत टॉर्च मारली, चावी खाली सोडली आणि फिरवायला लागले. तोंडातल्या तोंडात फेरे मोजत होते. वीस फेरे झाल्यावर थांबले आणि चावीच्या मुठीला कान लावला. मलाही लावायला सांगितला. लोखंडातून खळखळ ऐकू येत होती. “आया,” एवढंच म्हणाले आणि पुढच्या झाकणाकडे निघाले.

परत येताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती अजून लक्षात आहे. व्हॉल्व्ह उघडणं सोपं, बंद करणं अवघड. घाईने बंद केला की पळत आलेलं पाणी अडतं, मागे फिरतं आणि नळाला आतून धक्का देतं. कुठेतरी जुना सांधा असतो, तो फुटतो. म्हणून शेवटचे चार-पाच फेरे सगळ्यात हळू. पुढे इंजिनिअर मित्राकडून कळलं की याला वॉटर हॅमर म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. मामू सातवी पास होते.

मी इतिहास वाचणारा माणूस. दख्खनच्या सुलतानांवर, त्यांच्या इमारतींवर, सूफींवर या ब्लॉगवर बरंच लिहिलं आहे. पाण्याच्या जुन्या योजनांवर वाचताना मला दरवेळी मामू आठवतात. तलाव कुणी बांधला, नहर कुणी आणली, हे शिलालेखात सापडतं. ती रोज कोण चालवत होतं, हे बहुधा सापडत नाही. आजचा लेख त्या माणसाबद्दल आहे.

झाकणाखाली काय असतं

आधी थोडं यंत्राविषयी. आपल्या गल्लीत पाणी येतं ते टाकीपासून निघालेल्या मोठ्या नळातून. वाटेत त्याला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावर एक व्हॉल्व्ह असतो. सगळ्यात नेहमीचा तो स्लुइस व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात लोखंडाची एक पाचर असते. चावी फिरवली की आट्यांचा दांडा, म्हणजे स्पिंडल फिरतो आणि पाचर वर सरकते किंवा खाली येऊन खाचेत बसते. साधा हिशेब असा की नळाचा व्यास जितके इंच, त्याच्या तिप्पट फेरे आणि वर दोन-तीन. सहा इंची व्हॉल्व्हला वीस-एकवीस. मामूंच्या मोजण्याचा अर्थ मला हे वाचल्यावर कळला. फेरे कमी भरले, तर खाचेत काहीतरी अडकलं आहे आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद झालेला नाही.

दुसरा एअर व्हॉल्व्ह. हा जलवाहिनीच्या उंचवट्यावर असतो. नळ रिकामा असताना त्यात हवा भरलेली असते. पाणी आलं की हवेला बाहेर जायला वाट लागते, नाहीतर तिचा फुगा अडून बसतो आणि पाणी पुढे जात नाही. एअर व्हॉल्व्हच्या आत एक गोळा असतो. पाणी भरलं की तो तरंगून वरचं भोक बंद करतो, पाणी उतरलं की खाली पडतो आणि बाहेरची हवा आत घेतो. उन्हाळ्यात मोठ्या जलवाहिनीच्या गळक्या एअर व्हॉल्व्हपाशी घागरी लावून बसलेल्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तिसरा स्कॉवर व्हॉल्व्ह, सखल जागी साचलेला गाळ धुऊन काढायला. आणि चौथा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पंप बंद पडला की वर चढलेलं पाणी मागे येऊ नये म्हणून.

यांची देखभाल म्हणजे काय? स्पिंडलभोवती ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचं पॅकिंग असतं. ती दोरी झिजते, मग तिथून पाणी झिरपतं. पॅकिंग बदलायचं, वरचे ग्लँडचे बोल्ट आवळायचे, पण इतकेही नाही की स्पिंडलच फिरेनासा होईल. खाचेत वाळू अडकली तर जोर लावायचा नाही. दोन फेरे पुढे, एक मागे, असं करत वाहत्या पाण्यानेच ती धुऊन काढायची. जोर लावला की आटे सरकतात आणि मग चावी फिरत राहते, पाचर जागची हलत नाही. चेंबरमधलं पाणी उपसायचं. झाकण शाबूत ठेवायचं. वापरात नसलेला व्हॉल्व्हसुद्धा अधूनमधून उघडून बंद करून बघायचा, नाहीतर गंजून तो तिथेच जाम होतो आणि ज्या दिवशी नळ फुटतो त्याच दिवशी हे कळतं. काम एवढंच आहे. पण ते वर्षानुवर्षं, कुणी बघत नसताना करायचं असतं.

बगदादचे भाऊ आणि आपले शिकलगार

व्हॉल्व्ह ही इंग्रजांनी आणलेली वस्तू, असं आपल्याला वाटतं. रस्त्याखालचा लोखंडी स्लुइस व्हॉल्व्ह त्यांच्याबरोबर आला, हे खरं. पण पाण्याला वेळेवर अडवणारी आणि सोडणारी कळ त्याहून फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादला बनू मूसा नावाचे तीन भाऊ होते. त्यांच्या ‘किताब अल-हियल’मध्ये शंभराच्या आसपास यांत्रिक करामती आहेत आणि त्यांतल्या अनेकांत शंकूच्या आकाराचे व्हॉल्व्ह आपोआप उघडतात आणि मिटतात. पुढे 1206 मध्ये दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जजरीने आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी वर चढवणारा दोन नळकांड्यांचा पंप आहे आणि त्यात पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा आहेत.

या अल-जजरीची एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. व्हॉल्व्हचा दट्ट्या आणि त्याची बैठक एकमेकांवर कुरुंदाची पूड घालून घासायची, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग असे जुळतात की थेंबही सुटत नाही, ही रीत तो सांगतो. आजही वर्कशॉपमध्ये गळका व्हॉल्व्ह उघडला की हेच करतात. पूड बाजारातून डबीत येते, एवढाच फरक.

हे वाचलं तेव्हा मला मिरजेची सतारमेकर गल्ली आठवली. आपल्याकडचे सतारमेकर मुळात शिकलगार, म्हणजे तलवारी घासून धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम गेलं, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर संस्थानाच्या आश्रयाने तंबोरे आणि सतारी बनवू लागले. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग इतका बारीक घासतात की एका केसाचा फरक कानाला कळतो. दोन पृष्ठभाग नेमके जुळवायचे, ही एकाच घराण्याची विद्या म्हणावी लागेल. वाद्य तयार झाल्यावरही जवारी उतरते आणि पुन्हा काढावी लागते, हे गायकाला माहीत असतं. म्हणून तो कारागिराचा पत्ता जपून ठेवतो. व्हॉल्व्हची बैठक उतरते, तेव्हा मात्र कारागिराची आठवण कुणाला होत नाही.

मनोऱ्यांची भाषा

मिरज बराच काळ आदिलशाहीत होती, म्हणून आपण विजापूरकडे बघू. विजापूरच्या आसपास बारमाही मोठी नदी नाही. पहिल्या अली आदिलशाहाच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पश्चिमेच्या तोरवीहून शहरात पाणी आणायला सुरुवात झाली. पुढे मुहम्मद आदिलशाहाने 1651 मध्ये शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव बांधला. या तलावातून शहरात पाणी येई ते चुन्याच्या बांधकामात घट्ट बसवलेल्या मातीच्या नळांतून.

मातीचा नळ दाब सोसत नाही. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच चौकोनी मनोरे उभे केले. त्यांना गंज म्हणतात. विजापुरात ते आजही दिसतात आणि बरेच पर्यटक त्यांना टेहळणीचे बुरूज समजतात. नळातलं पाणी मनोऱ्यात वर चढायचं, उघड्या हौदात यायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरून पुढे जायचं. एवढ्यात तीन कामं व्हायची. जास्तीचा दाब तिथे संपायचा, अडकलेली हवा सुटायची आणि गाळ तळाशी बसायचा. आज एअर व्हॉल्व्ह, स्कॉवर व्हॉल्व्ह आणि दाब कमी करणारा व्हॉल्व्ह मिळून जे काम करतात, ते हा एक दगडी मनोरा करत असे.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, हीच कल्पना वेगळ्या रूपात दिसते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबरने नव्या खडकी शहरासाठी भूमिगत नहर काढली. उत्तरेच्या डोंगराळ भागातलं भूजल गोळा करून उताराने शहरात आणणारी ही नहर-ए-अंबरी. तिच्यावर ठराविक अंतराने आत उतरण्याचे मार्ग आहेत. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याने बांधलेलं पाणी त्याच्या मागे शतकानुशतकं वाहिलं. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली, तिचं पाणीही असंच दुरून, मातीच्या नळातून येतं आणि भिंतीवर चढून चक्कीच्या पात्यावर पडतं.

पुण्यात पेशव्यांनी तेच केलं. नानासाहेबांच्या काळात, 1750 च्या सुमारास कात्रजचा तलाव बांधून नळाने पाणी शनिवारवाड्यात आणि शहरातल्या हौदांत आणलं. त्या वाटेवर जे हवेचे मनोरे आहेत त्यांना पुणेकरांनी सुंदर नाव दिलं: उच्छ्वास. आदिलशाही, निजामशाही, पेशवाई, राज्य कुणाचंही असो, नळातल्या हवेने सगळ्यांना सारखाच त्रास दिला आणि उपायही सगळ्यांनी साधारण सारखाच काढला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गंजाच्या तळाशी गाळ बसायचा, तर तो काढत कोण होतं? नहरेच्या तोंडातून आत उतरून मुळं कोण कापत होतं? फुटलेल्या मातीच्या नळाला चुना कोण लावत होतं? कुणीतरी नक्की होतं, पिढ्यान्‌पिढ्या होतं. नाहीतर या योजना बांधणाऱ्याच्या हयातीतच बंद पडल्या असत्या. त्यांचं वय हाच त्या अनामिक माणसांचा शिलालेख आहे. आणि उलट बाजूने बघा. आज या नहरा आटल्या किंवा मोडल्या, त्या कशाने? बहुतेक ठिकाणी गाळ साचला, वरून घरं आणि रस्ते झाले, कुणाच्या तरी पायासाठी नळ तोडला गेला आणि पाहणारा माणूस उरला नव्हता. पाडायला कुणी शत्रू यावा लागला नाही.

ज्याच्यासाठी बनलाच नव्हता ते काम

मुंबईत 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने आलं आणि आपल्याकडे लोखंडी नळांचं युग सुरू झालं. त्याआधी 1839 मध्ये जेम्स नॅस्मिथ या ब्रिटिश अभियंत्याने रस्त्याखालच्या मोठ्या नळांसाठी दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारी पाचर असलेला स्लुइस व्हॉल्व्ह तयार केला होता. आज मिरजेच्या रस्त्याखाली जे व्हॉल्व्ह आहेत, त्यांचं कूळ तेच.

हा व्हॉल्व्ह कशासाठी बनला, हे लक्षात घ्यायला हवं. तो सदैव उघडा राहण्यासाठी बनला. नळात चोवीस तास दाबाने पाणी आहे, कधीतरी दुरुस्ती निघाली की तेवढा भाग बंद करायचा आणि पुन्हा उघडायचा. म्हणजे वर्षातून मोजक्या वेळा. आपल्याकडे शहरं वाढली, पाणी पुरेना, मग तासाच्या हिशेबाने पाणी सुरू झालं. सकाळी या भागाला, दुपारी त्या भागाला, काही ठिकाणी दिवसाआड. जो व्हॉल्व्ह वर्षातून चार वेळा फिरायचा, तो दिवसातून चार वेळा फिरू लागला. पॅकिंग झिजतं, आटे झिजतात, आणि ज्या भागाला पाणी कमी पडतं तिथल्यासाठी दुसरा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवला जातो. स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असावा लागतो. अर्धा उघडा ठेवला की पाचर थरथरत राहते आणि खाच खाऊन टाकते.

याच ठिकाणी व्हॉल्व्हमनच्या हातात सत्ता येते. कुठल्या गल्लीला किती वाजता आणि किती फेऱ्यांचं पाणी, हे कागदावर कुठेही नेमकं लिहिलेलं नसतं, ते त्याच्या डोक्यात असतं. मुंबईत याच माणसाला चावीवाला म्हणतात आणि निखिल आनंद या अभ्यासकाने मुंबईच्या पाण्यावर ‘हायड्रॉलिक सिटी’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं आहे. मामूंकडेही माणसं येत. रमजानमध्ये सहेरीच्या वेळी पाणी असावं म्हणून आमचे लोक येत, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीसाठी शेजारच्या गल्लीतले येत, लग्नघरवाले तर बारा महिने. मामू सगळ्यांना एकच सांगत: “पहाटे साडेतीनला सोडतो, पण तुमच्या आधी वरच्या आळीला.” वरची आळी उंचावर होती. तिथे पाणी शेवटी सोडलं तर चढतच नसे. तिथे आमच्यातलं एकही घर नव्हतं. मामूंनी हे कधी बोलून दाखवलं नाही. उंची मोजून ते ठरवत.

बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. व्हॉल्व्ह बंद केला की नळातलं पाणी उताराकडे निघून जातं आणि मागे पोकळी तयार होते. पोकळी काहीतरी ओढून घेतेच. नळाचा सांधा गळका असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ती गटाराचं पाणी ओढते. एअर व्हॉल्व्हचं चेंबर घाण पाण्याने भरलेलं असेल, तर ते आत जातं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की सगळ्यात आधी हेच पाणी आपल्या हंड्यात पडतं. भरल्या नळात असं सहसा होत नाही, कारण आतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. उलट पाणी बाहेर झिरपतं.

मिरज ही आरोग्यपंढरी. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून तिन्ही बाजूंच्या मुलखातून माणसं इथे बरी व्हायला येतात. त्याच मिरजेत 2014 च्या हिवाळ्याच्या तोंडावर गॅस्ट्रोची साथ आली आणि माणसं दगावली. त्याआधी 2012 मध्ये शेजारच्या इचलकरंजीत काविळीने असंच थैमान घातलं होतं. दोन्ही साथी पाण्यातून पसरणाऱ्या. अशा वेळी चर्चा होते ती नदीच्या प्रदूषणाची, आणि ती व्हायलाच हवी. पण नदीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून कितीही निर्मळ करून सोडलं, तरी केंद्रापासून आपल्या नळापर्यंतचा प्रवास उरतोच. त्या प्रवासाचे राखणदार म्हणजे सांधे आणि व्हॉल्व्ह.

हे अनुमान नाही. हुबळी-धारवाडमध्ये काही भागांत चोवीस तास आणि बाकी भागांत काही दिवसांआड पाणी येत होतं. पाणी दोन्हीकडे एकाच शुद्धीकरणातून निघालेलं. संशोधकांनी वर्षभर नळांचे नमुने तपासले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात 1 टक्क्याहूनही कमी नमुन्यांत विष्ठेतले जंतू सापडले. थांबून थांबून पाणी येणाऱ्या भागात ते प्रमाण जवळपास 32 टक्के होतं. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि चोवीस तास पाणी म्हणजे फक्त परदेशात, असंही नाही. आपल्या शेजारी कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून ते करून दाखवलं. बेळगावच्या काही वॉर्डांत 2008 पासून ते आहे. तिथे पाणी जास्त होतं म्हणून हे जमलं असं नाही. गळती शोधली, जुने सांधे बदलले, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतात की नाही हे बघितलं. पाणी तेवढंच असतं, पण ते मधे हरवायचं थांबतं.

हैदरखानाची विहीर

मिरजेच्या माणसाने पाण्यावर लिहायचं आणि रेल्वेचा उल्लेख करायचा नाही, असं कसं होईल? एप्रिल 2016 मध्ये लातूर कोरडं पडलं. 11 एप्रिलला मिरजेतून दहा टाक्यांची पहिली गाडी निघाली, प्रत्येक टाकीत सुमारे 50,000 लिटर, म्हणजे एकूण 5 लाख लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोहोचली. नंतर पन्नास टाक्यांच्या, 25 लाख लिटरच्या गाड्या सुरू झाल्या आणि पावसाळ्यापर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. या कामात आपली हैदरखान विहीर पुढे आली. आदिलशाही काळातली म्हणून ओळखली जाणारी ही विहीर. नदीचं पाणी तिथपर्यंत आणून पुढे यार्डात नेलं गेलं.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी गाडीचे फोटो छापले आणि ते रास्तच होतं. मला मात्र विहिरीचं कौतुक वाटलं. चारशे वर्षांपूर्वीची विहीर ऐन वेळी कामाला येते, याचा अर्थ मधल्या काळात ती कचऱ्याने बुजवली गेली नव्हती. तिच्या बरोबरीच्या किती विहिरी आज कुठल्या तरी दुकानाच्या फरशीखाली आहेत! हैदरखान कोण होता हे आपण अभिमानाने सांगतो. ती विहीर वापरात ठेवणाऱ्यांची नावं, ज्यांच्यामुळे ती 2016 पर्यंत जिवंत राहिली, कुणाला सांगता येणार नाहीत.

सदका कधी जारी राहतो

आता थोडं आपल्याविषयी. पाणी पाजणं हे आपल्याकडे मोठं पुण्य. मदिनेत हजरत उस्मान यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सगळ्यांना खुली केली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आई-वडिलांच्या नावाने विहीर, हौद, पाणपोई बांधणं याला आपण सदका-ए-जारिया म्हणतो, म्हणजे चालू राहणारं दान. आजही आपल्या मोहल्ल्यांत दानशूर माणसं कमी नाहीत. बोअर मारून देतात, कूलर बसवतात, वर संगमरवरी पाटीवर नाव असतं.

पण जरा फिरून बघा. किती कूलरच्या तोट्या गळत आहेत? किती बोअरचे पंप जळून पडले आहेत? तेव्हा दान जारी कुठे राहिलं?

वक्फचा जुना कायदा घडवणाऱ्या फकीहांना माणसाची ही सवय ठाऊक असावी. हनफी फिक्हमध्ये नियम आहे की वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च त्या मालमत्तेच्या दुरुस्तीवर व्हायला हवा. देणाऱ्याने दस्तात तसं लिहिलेलं नसलं तरीही. लाभार्थ्यांचा वाटा त्यानंतर. आधी विहिरीचा दोर आणि कठडा, मग बाकी सगळं. हा नियम पाळला गेला तिथे विहिरी टिकल्या. आपण वक्फच्या जमिनींवर एवढं बोलतो, त्यात हा दुरुस्तीचा पहिला हक्क कुणाच्या तोंडी क्वचितच ऐकू येतो.

नगरपालिका आणि महापालिका यांचंही असंच आहे. नवी योजना मंजूर झाली की कोनशिला बसते, नेते नारळ फोडतात. पॅकिंगच्या दोरीसाठी नारळ फुटत नाही. या माणसांची भरती थांबते, कामं कंत्राटावर जातात, आणि जो मुलगा आज चावी फिरवतो तो सहा महिन्यांनी दुसरीकडे असतो. डोक्यातला नकाशा कुणाच्याच डोक्यात उरत नाही. आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला नव्या बोअरसाठी अर्ज द्यायला आपण जातो. एकदा हेही विचारून बघा: आपल्या भागात व्हॉल्व्ह किती, त्यांतले पूर्ण बंद होतात किती, आणि त्यांची नोंद कुठल्या वहीत आहे?

मामू निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाल्यावरची गोष्ट. गावात मोठा नळ फुटला, चौकात गुडघाभर पाणी झालं. बंद करायचा व्हॉल्व्ह काही सापडेना. मधल्या काळात रस्ता दोनदा डांबरी झाला होता आणि झाकण खाली गेलं होतं. शेवटी दोघं जण मोटरसायकलवर मामूंना न्यायला आले. मी त्या दिवशी तिथेच होतो. मामूंना तेव्हा मोतीबिंदू होता, नीट दिसत नव्हतं. त्यांनी मशिदीच्या कोपऱ्याला पाठ लावली, सरळ सतरा पावलं चालले, डावीकडे वळून चार, आणि म्हणाले, “इथं खणा.” दीड हातावर झाकण लागलं. नवा मुलगा चावी घालून जोर करायला लागला, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बेटा, जोर नको. दोन पुढे, एक मागे.”

त्या रात्री मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. कुठल्या कोपऱ्यापासून किती पावलं, किती इंची, किती फेरे, कुठला उलटा फिरतो, कुठल्याची दोरी कधी बदलली. एकसष्ट व्हॉल्व्ह झाले. सकाळी मामूंनी दाराआडची चावी काढली, मुठीला खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि त्या वहीबरोबर ती कंत्राटावरच्या मुलाला देऊन टाकली.